चारात एक

मी खडा गल्लीत भिरकावला आणि ओट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चार जणी होत्या. मी मोजल्या होत्या, म्हणून लक्षात आहे. पुढे कितीदा तरी मी स्वतःची समजूत घातली, की अगं, तू नुसतं गणित समजावून सांगत होतीस. पण गणित समजावणारी मुलगी टाळ्या मोजत बसत नाही.

नीट पहिल्यापासून सांगते. मी वृषाली, दहावीत आहे. नववीपर्यंत उत्तर येत असलं तरी माझा हात बाकाच्या वर जायचा नाही. यंदा संभाव्यतेच्या धड्यावर वीसपैकी वीस पडले, गणिताच्या चेलना मॅडमनी माझा पेपर सगळ्या वर्गात फिरवला, आणि तिथून जी मी बोलायला लागले ती थांबेचना. आमच्या मेहरूणच्या गल्लीत कुणीही कशाचीही शक्यता विचारा, मी सांगणार. लाईट जायची, पाणी वेळेवर यायची, समोरच्या काकूंच्या घरी पाहुणे जेवूनच जायची. पप्पा रिक्षा चालवतात. सकाळी ते निघाले की मी दारातून ओरडायची, "पप्पा, आज स्टेशनवरून लांबचं भाडं मिळायची शक्यता पासष्ट टक्के!"

"मग उरलेले पस्तीस टक्के मी चहा पितो," म्हणत पप्पा रिक्षा वळवायचे.

आमच्या शेजारी समाधानभाऊ राहतात. दालमिलमध्ये कामाला आहेत. त्यांची आई रुक्माअक्का मूळच्या धुळ्याकडच्या, बोलीही अजून तिकडचीच. त्याही पंचवीस वर्षं मिलमध्ये दाळ निवडायच्या, मग निवडायचं मशीन आलं आणि अक्का घरी बसल्या. हाताची सवय मात्र गेली नाही. दुपारी सूप घेऊन ओट्यावर बसतात, गल्लीतल्या कुणाचंही धान्य पुढ्यात ओढतात आणि गप्पा मारता मारता निवडून देतात. अक्कांच्या हाताखालून गेलेल्या दाळीत खडा लागला, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. समाधानभाऊंची बायको रूपावहिनी. आणि त्यांची मुलगी मयुरी, सहा वर्षांची. तिला सिकलसेल आहे.

हा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि मग हाडांत कळा येतात. आईवडील दोघेही नुसते वाहक असले, तर त्यांना स्वतःला काहीच होत नाही, ठणठणीत असतात. पण बाळाला दोघांकडूनही तो अंश आला की आजार येतो. समाधानभाऊ वाहक आणि वहिनीही वाहक. हे कळलं मयुरी झाल्यानंतर.

त्या दुपारी वहिनींना तिसरा महिना होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोळाव्या आठवड्यात धुळ्याला या, पोटातल्या पाण्याचा नमुना सुईने घेऊन मुंबईला पाठवू, म्हणजे बाळाला आजार आहे की नाही ते कळेल. तारीखही मिळाली होती. अक्कांना ती सुई मुळीच मान्य नव्हती.

"पोटमा सुई? नही व माय! बाळले लागनी तर?"

वहिनींनी अक्कांकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वृषाली, तू हुशार आहेस. डॉक्टर म्हणतात, चारात एक. म्हणजे नेमकं काय गं?"

इथे शहाण्या मुलीने म्हणायचं असतं, वहिनी, परत एकदा डॉक्टरांनाच विचारा. मी म्हटलं, "एक वाटी आणा!"

अक्कांच्या सुपात हरभरे होते. मी तीन हरभरे उचलले. सुपाच्या कडेला त्यांनी खडे काढून ठेवले होते, त्यातला एक घेतला. चौघांना वाटीत टाकून खुळखुळवलं. "हे तीन चांगले. हा खडा म्हणजे आजार. न बघता एक काढायचा. काढा अक्का!"

अक्कांनी डोळे गच्च मिटले आणि काढला. खडाच निघाला! आईशप्पथ, खडाच. बायका हसायला लागल्या, एक जण म्हणाली, "पंचवीस वर्षांचा हात आहे तो, खड्यावरच जाणार."

"ही आपली मयुरी," मी म्हटलं. आणि माझा हात असा कसा गेला ते मला अजून कळत नाही, मी तो खडा अक्कांच्या बोटांतून घेतला आणि गल्लीत भिरकावून दिला.

"निंघी गया खडा!" अक्का ओरडल्या. "आते वाटीमा बठ्ठा हरभराच शेतस!"

मग टाळ्या.

वहिनींनी मात्र वाटी हातात घेतली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. "म्हणजे... आता उरलेत ते चांगलेच?"

तेव्हा मला काहीतरी टोचलं होतं. खरं सांगते, टोचलं होतं. दातात बडीशेप अडकावी तेवढंच, पण टोचलं. फक्त चार बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि वहिनींच्या कपाळावरची ती कायमची आठी पहिल्यांदाच सैल झाली होती, आणि ती मी केली होती. मी म्हटलं, "बघा की वाटीतच! दिसतंय ना?"

यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तर मला नंतर स्वतःला पकडायला इतका वेळ लागला.

दोन दिवसांनी अक्कांनी समाधानभाऊंना धुळ्याला फोन करायला लावला आणि तारीख रद्द केली. संध्याकाळी मला बोलावून हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. "डाक्टरपेक्षा तू बरी, पोर." मी लाडू खाल्ला. छान झाला होता.

तीन आठवड्यांनंतर चेलना मॅडम वर्गात वांगं घेऊन आल्या. भरताचं, हिरवट पांढरं, एवढं थोरलं. टेबलावर ठेवलं आणि हात झटकले.

अर्हम मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅडम, आपल्या जैनांत वांगं खात नाहीत ना?"

"खात नाही. शिकवते," मॅडम म्हणाल्या. "भाजीवाली म्हणते, दहात एखादं किडकं निघतंच. मग हे वांगं किडकं असण्याची शक्यता किती?"

"एक दशांश!" सगळे ओरडलो.

"बरं. पण हे वांगं या क्षणी एक तर किडकं आहे, नाही तर चांगलं आहे. एक दशांश किडलेलं वांगं कुणी पाहिलंय का? मग तुमचा तो एक दशांश राहतो कुठे?"

आयुषी उभी राहिली. "टोपलीत, मॅडम. हजार वांगी कापली तर शंभरेक किडकी निघतील. एका वांग्याबद्दल काही म्हणताच येत नाही."

"आपल्या डोक्यात राहतो," अर्हम म्हणाला. "वांग्याला सगळं माहीत आहे. माहीत नाही ते आपल्याला."

"भाजीवालीच्या डोक्यात," पुढून कुणीतरी म्हटलं. "तिने चांगली घरी ठेवून किडकी आपल्याला दिलीत." वर्ग खिदळला.

मॅडम पण हसल्या. "मोठमोठी माणसं कित्येक पिढ्या अशाच वेगवेगळ्या बाकांवर बसून भांडतायत. भांडण मिटलेलं नाही, काळजी करू नका." मग त्यांनी सुरी काढून वांगं उभं चिरलं. आतून स्वच्छ, पांढरंशुभ्र. "चांगलं निघालं. मग एक दशांश म्हणणारे तुम्ही चुकलात का?"

"नाही, मॅडम."

"आणि मी नुसतंच म्हटलं असतं, की हे चांगलंच आहे, माझी खात्री आहे, तर मी बरोबर ठरले असते का?"

यावर मात्र वर्गात गोंधळ झाला. मला राहवेना. मी हात वर केला, उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वाटी, हरभरे, अक्कांचे मिटलेले डोळे, खडा. नावं न घेता, पण खडा निघाला तिथपर्यंत सगळं. मॅडमच्या डोळ्यांत असं कौतुक आलं की मला वाटलं, आज माझी उंची वाढली.

"किती छान उदाहरण केलंस! आणि काढलेला खडा परत वाटीत टाकलास ना?"

मला गल्लीत पडलेला तो खडा आठवला.

"प्रत्येक बाळाच्या वेळी वाटी नव्याने भरते," मॅडम वर्गाला सांगत होत्या. "तीन हरभरे, एक खडा. आधीच्या बाळाचं काय झालं याची पुढच्याला खबरही नसते. पहिल्या वेळी खडा आला म्हणून पुढच्या वेळी तो कमी होत नाही. हे विसरलं तर सगळं उदाहरण उलटंच होतं. टाकला होतास ना, वृषाली?"

"हो, मॅडम," मी म्हटलं.

हे दुसरं खोटं. पहिल्यात निदान शब्द खरे होते.

शाळा सुटल्यावर मी घरी नेहमीच्या रस्त्याने गेले नाही. तलावाच्या बाजूने मोठा वळसा घेतला, म्हणजे अक्कांचा ओटा लागत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. माझं डोकं फारच हुशार, ते रोज नवीन हिशेब मांडून द्यायचं. चारात तीन वेळा तर बाळ बरंच असतं ना? मग पंचाहत्तर टक्के शक्यता अशी, की मी काही बोलले नाही तरी काहीच बिघडणार नाही. पंचाहत्तर टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. शिवाय सुईची भीती आहेच. शिवाय मी लहान आहे, त्यांनी डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं, माझं का ऐकलं?

हे सगळं मी मनात अगदी स्पष्ट उच्चारात बोलायची. आणि मग रात्रीचं जेवण जायचं नाही. आई म्हणाली, "अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस गं." मी आईला काही सांगितलं नाही. पप्पा सकाळी मुद्दाम दारात थांबून विचारायचे, "आज किती टक्के?" मी म्हणायची, "माहीत नाही." त्यांना वाटायचं, मी रुसले आहे.

सहाव्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून मयुरी ओरडायला लागली.

तिचं दुखणं मला माहीत होतं, पण लांबून. तिला दवाखान्यात नेतात, दोन दिवसांनी आणतात, ती परत लंगडी खेळते. त्या दिवशी पप्पांनी रिक्षा काढली आणि मला म्हणाले, "तू पण बस, वहिनींना एकटीला सावरणार नाही." मी मागे बसले, मयुरीचे पाय माझ्या मांडीवर. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती किंचाळायची. पप्पा इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. मयुरी म्हणत होती, "मम्मी, पाय काढून टाक. मम्मी, माझे पाय काढून टाक ना." वहिनी तिच्या नडग्या चोळत होत्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होईल बरी." मला धीर देत होत्या. मला!

मी त्या मांडीवरच्या पायांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, हा तो एक. वहीत आपण एकच्या खाली रेघ मारतो, रेघेखाली चार लिहितो, पुढच्या गणिताला लागतो. हा तो रेघेवरचा एक.

मयुरीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरात शिरले. अक्का मयुरीला पेज भरवत होत्या. वहिनी कणीक मळत होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"वहिनी, मी खडा परत वाटीत टाकायला हवा होता."

"कसा खडा?" अक्का म्हणाल्या. "तो तर तू कव्हयच फेकी दिन्हा."

"तेच चुकलं, अक्का. फेकायचा नव्हता. प्रत्येक बाळाच्या वेळी वाटीत परत चारही असतात. मयुरीला झालं म्हणून पुढच्याचं काहीच कमी होत नाही. तेवढंच राहतं. चारात एक. मी चुकीचं सांगितलं."

अक्कांना लगेच कळलं नाही. वहिनींना कळलं. त्यांचे हात कणकेतच थांबले. मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणू शकले असते, आज. "नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मग परात बाजूला सरकवली, हात धुतले, पदराला पुसले. वाटीची चूक त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिली असती, हे मला तेव्हा दिसलं. ते नऊ दिवस मात्र त्या मोजत होत्या. बोटांवर. आठवडे मोजत होत्या.

अक्कांचा आता भडका उडाला. "दालमा खडा निवडा तर तो परत कसाले टाकतस? हाई कसं शाळानं गणित! आते येले घाबराडू नको, पोर. जाय घर."

"आई, थांबा," वहिनी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "माझ्यासारख्या हजार जणींत अडीचशे जणींच्या बाळांना होतं, ते सरकारच्या कामाचं. माझ्या पोटात एकच आहे. ते काय पाव आजारी आहे?"

मी एरवी उत्तर देताना थोडी उंच होते, टाचा उचलून. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"नाही, वहिनी. बाळ पाव आजारी नसतंच. आत ठरून गेलेलं आहे, आहे तरी किंवा नाही तरी. तो पाव आपला आहे. आपल्याला दिसत नाही ना, म्हणून तो पाव."

"म्हणजे माझ्या भीतीचं माप."

"मला... हो. तसंच काहीतरी. पुस्तकात असं लिहिलेलं नाही."

"मग सुई काय करते?"

"सुई बघून येते."

वहिनी मयुरीकडे बघत होत्या. "तू सांग, जाऊ की नको?"

मला फार वाईट सवय लागली होती, विचारलं की सांगायची. तोंड उघडलंसुद्धा होतं. मिटलं. "ते मला नाही सांगता येणार. त्या सुईनेही कधीकधी बाळ जातं, दोन-तीनशे जणींत एखादीचं, डॉक्टर सांगतील. मला खरंच माहीत नाही, वहिनी."

"कसाले जावानं?" अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज आता रडवेला झाला होता. "खराब निंघनं तर काय करशी तू?"

"ते मी तेव्हा बघेन, आई. पण मला कळायला हवं," वहिनी म्हणाल्या. "मयुरीचं कळायला दोन वर्षं लागली आपल्याला. तोपर्यंत चालायचा कंटाळा करते म्हणून मी तिला मारत होते. आठवतं ना तुम्हाला? दुखणाऱ्या पायांवर मारत होते मी."

अक्कांनी मयुरीच्या तोंडासमोरचा चमचा खाली ठेवला.

नवी तारीख सतराव्या आठवड्यातली मिळाली. वहिनी मला म्हणाल्या, "तू चल." शिक्षा म्हणून की सोबत म्हणून, ते मी विचारलं नाही. सकाळच्या एसटीने आम्ही धुळ्याला गेलो, समाधानभाऊ, वहिनी, मी आणि माझ्या मांडीवर मयुरी. पारोळ्यापर्यंत तिने मला विचारलेले प्रश्न मोजले तर शंभर होतील. समाधानभाऊ वाटेत एकदाच बोलले. "वृषाली, मीच फोन करून तारीख रद्द केली होती. मीही डॉक्टरला विचारू शकलो असतो. मलाही खडा गेलेलाच बरा वाटत होता." ते मला हलकं करायला बघत होते. मी हलकी झाले नाही, पण माझ्यासारखं अजून कुणीतरी आहे एवढं कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनींना सगळं सावकाश समजावलं, सही घेतली, आत नेलं. मी बाहेर बाकावर मयुरीला घेऊन बसले. आता इथे एक नवीनच भीती सुरू झाली. गप्प बसले असते आणि बाळ आजारी निघालं असतं तर ते माझ्यामुळे. आता बोलले, आणि या सुईने काही झालं तर तेही माझ्यामुळे. मी बाकाखाली पाय हलवत बसले. दार उघडलं. वहिनी चालत बाहेर आल्या, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं झालं." खोटं बोलत होत्या. मयुरीसाठी.

दुपारी आम्ही कुंदाताईंकडे जेवलो. कुंदाताई म्हणजे अक्कांची मुलगी, समाधानभाऊंची धाकटी बहीण, धुळ्यातच दिलेली. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा, त्यालाही सिकलसेल. वरण वाढता वाढता त्या वहिनींच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि लाजल्या. वहिनींनी त्यांच्या पोटाकडे बघितलं. त्यांनाही दिवस गेले होते, दुसरा महिना.

तीन आठवडे रिपोर्ट आला नाही. त्या तीन आठवड्यांत मी मॅडमना जाऊन सांगितलं, की खडा मी परत टाकला नव्हता, आणि तुम्हाला हो म्हटलं तेही खोटं होतं. त्या रागावल्या नाहीत. "घरी सांगितलंस का?" विचारलं. हो म्हटलं. "मग मला नंतर सांगितलंस ते बरोबर केलंस," म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या. गल्लीत मी टक्के सांगणं बंद केलं. अक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. मी ओट्यावरून रोज मुद्दाम जायची, आणि त्या मान खाली घालून सुपात बघायच्या.

मग एका संध्याकाळी समाधानभाऊंच्या घरातून एकदम कल्ला. मी धावले. बाळाला आजार नव्हता. आईबापांसारखंच ते नुसतं वाहक होतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हसत होत्या आणि डोळे थांबत नव्हते. समाधानभाऊ पेढे आणायला निघाले होते आणि चप्पल उलटी घालत होते.

अक्कांनी मला दारातच धरलं आणि माझ्या गालांवरून बोटं ओवाळून कानशिलांवर कडाकडा मोडली. "पोर, तूच बरोबर व्हती! पहिला दिवशीच सांगं तू. मी नाहक तुनावर रुसनू."

"नाही अक्का, मी चूकच होते. चांगलं निघालं, पण मी सांगितलं ते चूकच होतं."

"चूक व्हतं तर चांगलं कसं निंघनं?" अक्का सगळ्यांकडे बघून हसल्या. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्याच चौघी. त्यांतली एक म्हणाली, "हुशार मुलींना मिजास नसते बघा, किती नम्र आहे."

मला हसू आलं आणि रडूही. कसलं सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं, पेढा तोंडात टाकायचा. बाळ चांगलं, वहिनी खूश, अक्का बोलायला लागल्या. ज्या चुकीने कुणाचंच वाईट झालं नाही ती चूक कुणी परत परत उकरत बसतं का? क्षणभर माझ्या अंगातून सगळं ओझं उतरून गेलं, शपथ, मी हसलेसुद्धा. वहिनी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात अक्कांनी समाधानभाऊंचा घरीच राहिलेला फोन घेऊन धुळ्याला लावला. मोठ्याने बोलायची त्यांना सवय, मिलच्या आवाजातली. "कुंदा! बठ्ठं चांगलं शे! आयक, तू ती सुई-बिई काही करू नको. तुना पोरगाले पहिलेच व्हई गयं ना? निंघी गया तुना खडा. आते तुले काही भ्याव नही. आठली शाळानी पोरनी सांगेल शे, लई हुशार शे ती..."

मी बायकांमधून वाट काढली आणि हात पुढे केला. "अक्का, फोन द्या."

"थांब ना, बोली ऱ्हायनू मी."

"अक्का. फोन द्या मला." इतक्या जोरात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. अक्कांनी फोन कानापासून काढला, वहिनींनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"कुंदाताई, मी वृषाली. ती शाळेची पोर मीच. अक्का सांगतायत ते मी सांगितलेलंच आहे, आणि ते चुकीचं आहे."

"पण रूपावहिनीचं तर चांगलं निघालं ना?"

"निघालं. माझ्या सांगण्याने नाही निघालं. दुसऱ्या कुणाचं कदाचित नसतं निघालं." मी श्वास घेतला. समोर चार बायका, अक्का, दारात पेढ्यांचा पुडा घेऊन समाधानभाऊ. अक्कांचा चेहरा पडत चालला होता आणि तो मी पाडत होते, ऐन आनंदाच्या दिवशी. "तुमच्या मुलाला झालं म्हणून या बाळाचं काही कमी झालेलं नाही, ताई. जेवढं त्याच्या वेळी होतं तेवढंच आत्ताही आहे. तपासायचं की नाही ते तुम्ही आणि डॉक्टर ठरवा. पण माझ्या भरवशावर सोडू नका."

पलीकडे लांब कुठेतरी तो दोन वर्षांचा मुलगा ताट वाजवत होता.

मग कुंदाताई म्हणाल्या, "थांब. ह्यांना बोलावते. ह्यांना परत सांग, पहिल्यापासून."

"सांगते," मी म्हटलं, आणि थांबले.